मुलुंड ते गोराई, मावळ्यांचा भाव विचारत

प्रवासाला निघताना पिशवीत काय आहे ते मी दोनदा तपासते. या खेपेला होतं ते असं: पाण्याची बाटली, शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळलेल्या दोन पोळ्या, जवळचा चष्मा, स्टीलच्या डब्यात बावीस मावळे आणि रुमालात बांधलेले आणखी आठ. मावळे अंगठ्याच्या पेराएवढे, धातूचे. डब्यातले रंगवलेले, रुमालातले चकचकीत घासलेले. या घासण्याबद्दल पुढे सांगते, कारण तो गुन्हा माझा आहे.

लोक युरोपला जाऊन येतात आणि लिहितात. मी मुलुंडहून निघून घाटकोपर आणि अंधेरी करत गोराईपर्यंत गेले आणि परत आले. सगळं मिळून पास काढून जाण्याइतकं अंतर. पण त्या चार दिवसांत माझा जेवढा गोंधळ उडाला तेवढा साठ वर्षांत उडाला नव्हता, आणि तुमच्यापैकी फारसं कुणी त्या मुलखात गेलं नसणार, म्हणून लिहिते आहे.

मुलुंड, निघण्याआधी

माझा नवरा मोहन आणि मी एकाच विमा कंपनीत होतो. ऑफिसातच जमलं, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते. मी क्लेम विभागात चौतीस वर्षं काढली. कुणाचं काय मोडलं, जळलं, भिजलं आणि त्याचे किती द्यायचे, हे ठरवणं माझं काम. वस्तूची किंमत मला कळत नाही असं कुणी म्हटलेलं मला चालत नाही. निदान या प्रवासापर्यंत चालत नव्हतं.

मोहनला एक छंद आहे. धातूचे छोटे सैनिक मागवायचे, भिंगाखाली धरून रंगवायचे, मोठ्या टेबलावर किल्ले आणि टेकड्या मांडायच्या आणि फासे टाकून, पट्टीने अंतर मोजून लढाई खेळायची. त्याचं सैन्य मराठ्यांचं. मराठे तयार मिळत नाहीत म्हणून कुठलेतरी परदेशी सैनिक आणून, नळाच्या गळतीला लावतात ती पुट्टी मळून तो त्यांना पागोटी बसवायचा. एका पागोट्याला एक संध्याकाळ. वीस वर्षं महिन्यातून एका रविवारी तो हे सैन्य घेऊन गोराईला सायमन नावाच्या मित्राकडे जायचा. सायमनचे पोर्तुगीज. दोघं वसईची लढाई खेळायचे, आणि मोहन दर वेळी हरून यायचा. मी विचारायचे, "घेतलीस वसई?" तो म्हणायचा, "थोडक्यात गेली." मला वाटायचं, एवढा खर्च करून माणसाने हरायचं तरी कशाला?

खर्चावरून आमची भांडणं झाली, नाही असं नाही. एका लहान ब्रशची किंमत कळली त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं होतं.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, पण जाणारही नाही. मार्चमध्ये तो गोराईहून लवकर परत आला आणि त्यानंतर गेलाच नाही. सायमनला वेळ नाही म्हणाला. रंगांच्या बाटल्या टेबलावर तशाच सुकल्या.

आता माझा गुन्हा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी देव घासायला काढले. चिंच, रांगोळी, काथ्या, आमच्या आईची पद्धत. मोहनच्या टेबलावर एका वाटीत काही मूर्त्या पडल्या होत्या, काळवंडलेल्या, रंगाचे पोपडे निघालेले. मी मनात म्हटलं, एवढं चाललंच आहे तर याचेही उजळून देऊ, त्यालाही बरं वाटेल. नऊ होत्या. त्यातली एक तर चक्क अन्नपूर्णा निघाली: बसलेली बाई, हातात पळी, पुढे भांडं. माझी माहेरची अन्नपूर्णा देवघरात होती, तेव्हा ही कुणीतरी कधीतरी वाणात दिलेली असणार आणि याने रंगाचा नमुना म्हणून देवच उचलून नेला असणार, असं मी धरून चालले. जरा रागही आला. तिला देवघरात माहेरच्या अन्नपूर्णेशेजारी बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं. बाकीचे आठ गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळत घातले, चांदीसारखे लखलखत होते.

मोहन आला. बराच वेळ त्या वर्तमानपत्राकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "छान चकाकतायत," आणि आत जाऊन आडवा झाला. घासून मी त्याचा रंग काढला होता, मळ नव्हे, हे मला तेव्हा कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी चहा पिताना म्हणाला, "मीनल, ते सगळं काढून टाक. मला नाही जमणार आता. तूच भाव विचारून ये, तुला बोलता येतं." कागदावर दोन पत्ते लिहून दिले, एक घाटकोपरचा, एक अंधेरीचा. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. खाली लिहिलं होतं: सायमनला सांगू नकोस.

इतकी वर्षं मी ज्या पसाऱ्याला नावं ठेवली तो जाणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का झाला नाही, तेही कळेना.

शनिवार, घाटकोपर

दुकान पहिल्या मजल्यावर, खाली फरसाणवाला. त्यामुळे या मुलखाचा पहिला वास माझ्या लेखी गरम पापडीचा. मालक हसमुखभाई, साठीचे, सफारी घातलेले, मराठी फर्डं. आत भिंतभर खोकी. मी एक उचललं. दहा सैनिक, आणि किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याच्या जवळपास.

"यात काय काय येतं?" मी विचारलं.

"तुकडे येतात, बेन. हात वेगळा, डोकं वेगळं."

"जोडायचे कुणी?"

"आपणच."

"रंग?"

"वेगळे घ्यायचे. लावायचे पण आपणच."

"आणि खेळायला समोर कुणीतरी लागत असेल ना?"

"ते पण आपणच शोधायचं," हसमुखभाई म्हणाले, आणि पहिल्यांदा जरा कसनुसे हसले.

मी डबा उघडला. त्यांनी एक मावळा अलगद उचलला, फिरवून पाहिला, पागोट्यावर नखाची कड फिरवली. "मोहनभाईंचे. त्यांचा हात मी ओळखतो." मग एक आकडा सांगितला. तो ऐकून मला वाटलं त्यांनी एका मावळ्याचा सांगितला. तो पाच मिळून होता.

"अहो, पण हे रंगवलेले आहेत! जोडलेले! सगळं काम झालंय!"

"तेच तर ना, बेन. काम झालं म्हणून भाव उतरला. खोकं सीलबंद असतं तर मी नवीन दराने घेतलं असतं. उघडलं की कमी. जोडलं की आणखी कमी. रंगवलं की ज्याने रंगवलं त्याचं झालं, दुसऱ्याला त्याचं काय?"

मी तिथल्या स्टुलावर बसून हे पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. आमच्या मुलुंडच्या मंडईत निवडलेली मेथी जास्त पैशाला मिळते, सोललेला मटार तर कितीतरी जास्त. इथे मटार न सोलता ठेवला तर भाव, सोललात तर गेला, आणि उसळ केलीत तर कुणी विचारत नाही. हसमुखभाईंनी समजूत घालायला खालून पापडी आणि कढी मागवली. कढी गोड होती. मी दोन वाट्या प्यायले, राग जरा शांत झाला, गोंधळ तसाच राहिला.

निघताना म्हणाले, "विकू नका हं इतक्यात. मी धंद्याचा माणूस आहे, मी हे सांगायला नको."

रविवार, अंधेरी

घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी म्हणजे पेंगायलाही वेळ मिळत नाही. हौशी मंडळी एका सोसायटीचा हॉल भाड्याने घेऊन दर रविवारी जमतात. त्याच हॉलमध्ये आदल्या दिवशी कुणाचं तरी बारसं झालं असावं, कारण भिंतीवर अजून फुगे होते आणि फुग्यांखाली सहा टेबलांवर महायुद्धं चालली होती.

मला वाटलं होतं कॉलेजची पोरं असतील. होती चाळिशीची माणसं. एक दाताचा डॉक्टर, एक कुणीतरी कोर्टातला. सगळे वाकून पट्टीने अंतर मोजत होते आणि अर्ध्या बोटाच्या फरकावरून अगदी सभ्यपणे भांडत होते. हरलेला माणूस जिंकलेल्याशी हात मिळवून त्याच्या सैनिकांची तारीफ करत होता. आमच्या सोसायटीच्या सभेत हे शिकवायला हवं.

तिथे रुचा भेटली. तिशीची, केस वर बांधलेले, नखांत निळा रंग. आयटीतली नोकरी सोडून ती लोकांचे सैनिक पैसे घेऊन रंगवते. एका सैनिकाचे किती घेते ते तिने सांगितलं आणि मी पुन्हा गडबडले. "म्हणजे रंगवायचे एवढे पैसे, आणि रंगवलेला विकला तर त्याचे एवढेसे?"

"हो ना काकू. वाट लागते डोक्याची, मलाही सुरुवातीला कळायचं नाही."

तिने डोक्याला भिंगाचा पट्टा लावला आणि मोहनचा मावळा हातात घेतला. मग दुसरा घेतला, मग तिसरा. "पागोट्याच्या घड्या हाताने केल्यात? प्रत्येकाच्या वेगळ्या?"

"गळतीची पुट्टी आहे," मी सांगितलं. का कोण जाणे, माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत मी एकदाही भिंग लावून पाहिलं नव्हतं.

मग मी रुमाल सोडला. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. "हे माझ्याकडून खराब झाले. रंग निघाला."

"अय्या, कसले झकास निघालेत! कशाने काढलात?"

"चिंचेने. आणि रांगोळीने."

हॉलमधली तीन युद्धं थांबली. माणसं गोळा झाली. रंग काढायला ही मंडळी कसलीशी द्रावणं आणून आठवडाभर भिजवत ठेवतात, दात घासायच्या ब्रशने घासतात, तरी बेचक्यात राहतोच. मला काथ्या कसा धरायचा ते दाखवावं लागलं. दाताच्या डॉक्टरांनी लिहून घेतलं. नोकरीत चौतीस वर्षांत मला एवढा मान मिळाला नव्हता, आणि मिळाला तो कशासाठी, तर नवऱ्याचं काम पुसून टाकलं म्हणून.

त्यातला एक दाढीवाला गृहस्थ जरा बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे जुन्या साच्याचे आहेत, बनवणारे बंद झालेत. असे कोरे मिळाले तर लोक वेडे होतात." आणि त्याने आठ उघड्या मावळ्यांचा जो आकडा सांगितला तो हसमुखभाईंच्या आकड्याच्या कितीतरी पट होता. "घरी अजून आहेत ना? सगळे घेतो. बुधवारी गाडी घेऊन येतो मुलुंडला."

"रंगवलेल्यांचं काय करणार?"

"रंग काढणार. चिंच आहेच आता."

आकडा खरोखरच चांगला होता. मोहनने आयुष्यभरात त्यावर घातले असतील त्याहून जास्त. मी क्लेमवाली, मनातल्या मनात फाइल बंद केली: वस्तू गेली, भरपाई मिळाली, सही करा. मी हो म्हणून बसले, आणि हो म्हणताक्षणी फाइल पुन्हा उघडली. ज्याने रंग लावला त्याचे काहीच नाहीत आणि जिने अर्ध्या तासात खरवडून काढला तिचे एवढे, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

रुचा मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत गाडीवर थांबून तिने सँडविच खायला घातलं, काकडी इतकी पातळ की आरपार दिसावं. खाता खाता म्हणाली, "काकू, एक विचारू? हे कुणासमोर खेळायचे काका?"

"गोराईला एक सायमन आहे. पोर्तुगीज."

"म्हणजे समोरचं सैन्यही आहे? वीस वर्षं एकमेकांसमोर?" ती चावायची थांबली. "यार काकू. एकट्या सैन्याला काय अर्थ असतो? समोरचं असलं तरच ते सैन्य. तुम्ही त्यांना न विचारता विकताय?"

मंगळवार, गोराई

मोहनने सांगू नकोस असं लिहिलं होतं. भेटू नकोस असं लिहिलं नव्हतं. बोरिवलीत उतरून जेट्टीला गेले. होडीत दोन मोटारसायकली, एक मासळीची रिकामी पाटी घेतलेली बाई आणि मी. खाडीला चिखलाचा वास, दोन्ही काठांना खारफुटी, पलीकडे सोनेरी पॅगोडा चमकत होता. मला होडीची भीती वाटते. पण आपण घाबरलो हे कळायच्या आत पलीकडे पोचतो, एवढा लहान प्रवास आहे. हाच प्रवास तो वीस वर्षं दर महिन्याला सैन्य मांडीवर घेऊन करत होता, आणि मी एकदाही आले नव्हते.

नाताळ जवळ आला होता. घरांवर कागदी तारे लागले होते. विचारत विचारत सायमनचं घर सापडलं, चर्चच्या मागच्या गल्लीत, पुढे वांग्याचे वाफे. सायमन जहाजावर फिटर होता, आता भाजी लावतो. दणकट माणूस, आमच्याकडे एक-दोनदा येऊन गेलेला; मला दारात बघून रडवेला झाला.

"वहिनी! मोहन बरा हाय ना?"

"बरा आहे. हात थरथरतो तेवढंच."

"मग तो येत का नाय?"

"तुला वेळ नसतो म्हणाला."

सायमन मला पडवीत घेऊन गेला. तिथे मोठं टेबल, वर चादर पसरलेली. त्याच्या बायकोने, फिलोमिनाने, आतूनच आवाज दिला, "दाखव त्यांना! मार्चपासून माझं टेबल अडवून ठेवलंय. नाताळाचा फराळ मी जमिनीवर बसून करते!"

त्याने चादर काढली. थर्माकोलची वसई. तट, बुरूज, काचेच्या तुकड्यांची खाडी. एका बाजूला निळे पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला मोहनचे मराठे, अर्ध्या लढाईत थांबलेले.

"त्या दिवशी खेळताना त्याचा हात हलला," सायमन म्हणाला. "अख्खी रांग आडवी झाली. आठ-नऊ खाली फरशीवर. मी बोललो, अरे सोड ना, उभे करू. तो सॉरी सॉरी बोलत बसला. मला सॉरी! पडलेले उचलले, रंग उडाला म्हणून घरी नेतो बोलला, आणि गेला. मग फोन पण नाय उचलत. मी बाकीचे परत उभे केले. डाव मोडला नाय मी. पाळी त्याची हाय."

नऊ महिने. माझ्या रुमालातले आठ कोणते ते आता मला कळलं. मी ते टेबलाच्या कडेला ठेवले आणि चिंचेची कबुली दिली. सायमनने हसावं की रडावं असा चेहरा केला. मग त्याने मोजले.

"आठच? नववी कुठाय?"

"नववी कोण?"

त्याने मराठ्यांच्या मागे बोट दाखवलं. तिथे दोन तंबू, एक बैलगाडी आणि मध्ये बाटलीचं झाकण ठेवलेलं. "ही छावणी. इथे बाई बसते, चुलीपुढे. जागा राहावी म्हणून मी झाकण ठेवलं."

"अरे, ती अन्नपूर्णा!" मी म्हटलं. "ती देवाची आहे, त्याने चुकून..."

"देवाची कुठली? ती तुम्ही हाय, वहिनी. मीनल नाव हाय तिचं. पहिल्या दिवसापासून. मोहनने स्वतः बनवली, पुट्टीची नाकातली चमकी पण केली होती."

मी खुर्ची शोधून बसले. दसऱ्यापासून दोन महिने मी रोज सकाळी आंघोळ करून स्वतःलाच हळदकुंकू वाहत होते. दिवाळीला तर करंजीचा नैवेद्यही दाखवला होता.

मग मला राग आला. "चौतीस वर्षं नोकरी केली मी! याच्यापेक्षा एक प्रमोशन जास्त घेतलं! आणि मला चुलीपुढे बसवलं?"

"म्हणून तर सांगत नव्हता तुम्हाला," सायमन म्हणाला. "बोलायचा, कळलं तर माझं सैन्य खाडीत जाईल."

फिलोमिनाने गरम फुगे आणून ठेवले, तळलेले, भज्यासारखे गोल, आत पोकळ, किंचित गोड. रडू येत असताना ते खाऊ नयेत, घशात अडकतात. सायमन समोर बसला आणि त्याने मला मोहन दर वेळी का हरतो त्याचं खरं कारण सांगितलं.

"नियम असा, की छावणी गेली तर डाव गेला असं नाय. थोडे गुण जातात, बस्स. मोहनला पण माहीत हाय. कितीतरी वेळा तो तटावर चढला होता, एक फासा पडला की वसई त्याची. मग मी काय करायचो, दोन घोडेस्वार छावणीकडे वळवायचो. फक्त दोन. की हा सगळं सोडून मागे पळत यायचा. वीस वर्षं, वहिनी, मी त्या एकाच युक्तीवर जिंकतोय. मला पण लाज वाटते कधीकधी."

परतीच्या होडीत मला भीती वाटली की नाही ते आठवत नाही.

बुधवार, परत मुलुंड

सकाळी दाढीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आकडा वाढवतो. मी म्हटलं, "विकायचे ते सीलबंद नाहीत, उघडलेले आहेत." त्याला काही कळलं नाही. मलाही पुरतं कळलं नव्हतं.

मग मोहनला देवघरापुढे उभं केलं. "ही कोण?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गोराईला गेली होतीस."

"दोन महिने मी माझीच पूजा करत होते आणि तू बघत होतास! एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

"तू डोळे मिटून नमस्कार करत होतीस," मोहन म्हणाला. "मध्येच कसं सांगणार? आणि मला वाटलं, बरी बसलीय. माझ्या हातून परत रंगली नसतीच."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कामाला लागले, कारण एका गोष्टीवर मला होडीतच काहीतरी सुचलं होतं. मोहनच्या मावळ्यांच्या पायाखाली चुंबक आहेत, डब्यात हलू नयेत म्हणून. एकेक उचलायला गेलं की हात थरथरतो. दहाजण एका ताटलीत उभे केले आणि ताटलीच दोन्ही हातांनी सरकवली तर?

मी मावळे घेऊन माझ्या माहेरच्या जाड, भारी ताटल्यांवर ठेवून पाहिले. ते ओघळले, उत्तम स्टीलला चुंबक चिकटेना. मग माळ्यावरून खोकं काढलं. लग्नात आहेर आलेल्या पातळ, हलक्या ताटल्या, कुणी दिल्या तेही नाव पुसट झालेलं, पाहुण्यांना वाढायची लाज वाटते म्हणून तशाच पडून होत्या. त्यांना मावळे असे चिकटले की ताटली उलटी केली तरी पडेनात. भारी ताटल्या कुचकामी आणि टाकाऊ त्या कामाच्या. या मुलखात असंच असतं हे मी आता धरूनच चालले होते.

मोहनने दोन्ही हात ताटलीवर ठेवले आणि जेवणाच्या टेबलावर ती हळूच पुढे सरकवली. ताटली किंचित खडखडली. एकही मावळा पडला नाही. त्याने ती परत मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. कितीतरी वेळ तो तेवढंच करत होता, आणि मी कणीक तिंबायची सोडून बघत होते.

देवघरातली बाई मी काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, रुचाकडून रंगवून घेऊ. तिच्या कपाळावर कुंकू दोन महिन्यांत चांगलं मुरलं होतं, पळीला हळद लागली होती. रुचाला फोटो पाठवला आणि सहज विचारलं, हिची किंमत किती येईल. तिचं उत्तर आलं: "काकू, खरं सांगू? हिला गिऱ्हाईक नाही मिळणार."

"असू दे," मोहन म्हणाला. "अशीच नेऊ."

पुढचा रविवार, पुन्हा गोराई

होडीत या वेळी ताटल्या माझ्या मांडीवर होत्या. सायमनने मोहनला मिठी मारली ती इतकी जोरात की मला डब्याची काळजी वाटली. फिलोमिनाने चादर काढली आणि म्हणाली, "आज संपवा. केक ठेवायचाय मला."

मी बाटलीचं झाकण उचललं आणि त्या जागी मीनलला बसवलं. मराठे ताटल्यांत उभे राहिले. पाळी मोहनची होती, मार्चपासून. त्याने दोन्ही हातांनी पहिली ताटली सरकवली, मग दुसरी. फासे चांगले पडत होते. चहा होईपर्यंत मराठे तटाला भिडले. मला नियम अर्धेच कळले होते, पण एवढं दिसत होतं की आणखी एक चाल, आणि वसई आपली.

सायमनने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दोन घोडेस्वार उचलले आणि छावणीच्या दिशेने वळवले.

मोहनचा हात तटाजवळच्या ताटलीवर होता. तो थांबला.

"मोहन," मी म्हटलं, "थोडेच गुण जातात. मला सायमनने सांगितलंय. तू वसई घे. मी बघते हिचं."

त्याने मान डोलावली, समजलं अशी. फाशाकडे पाहिलं, तटाकडे पाहिलं. मग त्या आहेराच्या ताटलीवर दोन्ही हात ठेवून, दहाही मावळ्यांसकट, त्याने ती सावकाश मागे ओढली, छावणीपर्यंत.

"थोडक्यात गेली," तो म्हणाला.